क्रिप्टोकरन्सी म्हणजे काय आणि इतर डिजिटल मालमत्तेपेक्षा ती वेगळी कशी? नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं कर सल्लागाराचं ऑफिस नाशिकरोडला आहे. वडील नोट प्रेसमध्ये होते, त्यामुळे पैसा छापला कसा जातो याच्या गोष्टी लहानपणी घरातच ऐकल्या. रिटर्नचे दिवस आले की हल्ली समोरच्या खुर्चीवर बसणारी तरुण मुलं आधी मोबाइल पुढे करतात आणि मग विचारतात, "सर, हे दाखवावं लागतं का?" त्यांचे आणि त्यांच्या आई-वडिलांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोकांचे पैसे अडकलेले पाहिले.

क्रिप्टोकरन्सी म्हणजे नेमकं काय?

जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच हिशेबवही ठेवलेली आहे असं समजा. कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात किती गेलं, एवढंच त्या वहीत लिहिलेलं असतं. या वहीतली जी शिल्लक तुमच्या ताब्यात आहे, ती म्हणजे तुमची क्रिप्टोकरन्सी. तिचं नाणं नसतं, नोट नसते, मोबाइलमध्ये साठवलेली एखादी फाइलही नसते. असते ती फक्त नोंद, आणि ती शिल्लक पुढे सरकवण्याचा अधिकार देणारी एक गुप्त किल्ली.

सुरुवात बिटकॉइनपासून झाली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक लेख प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. हे नाव कुणाचं, ते आजही सिद्ध झालेलं नाही. त्या पहिल्या पानात लंडनच्या 'द टाइम्स'मधला त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे. ब्रिटिश सरकार बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असल्याची ती बातमी होती. मधे बँक नको, हा विचार असा पहिल्या पानापासूनच दिसतो.

ब्लॉकचेन हा शब्द सारखा कानावर पडतो. तो सोप्या भाषेत सांगाल का?

यासाठी मी लोकांना पांडवलेण्यांवर घेऊन जातो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (कारागिरांच्या संघाकडे) दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज खायचं. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदवलं, असंही त्यातच लिहिलं आहे.

जवळपास एकोणीसशे वर्षांनंतरही तो हिशेब वाचता येतो. सगळ्यांना दिसेल असा आणि खोडता येणार नाही असा लिहून ठेवायचा, हीच ब्लॉकचेनमागची कल्पना आहे. दगडाच्या जागी इथे गणित आहे. दर थोड्या वेळाने झालेले व्यवहार एका पानात बांधतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या पानातल्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहितात. मागच्या पानातलं एक अक्षर जरी कुणी बदललं, तरी त्या पानाचा ठसा बदलतो, पुढच्या पानाशी जुळत नाही आणि चोरी तिथल्या तिथे उघडी पडते. पानं अशी साखळीने एकमेकांत अडकलेली असल्यामुळे तिला चेन म्हणतात.

त्या लेण्यासमोर उभं राहिलं की मला दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. नोंद शाबूत आहे, पण व्याज देणारी श्रेणी आज कुठे आहे? नोंद पक्की असणं वेगळं आणि त्या नोंदीमागचा पैसा पक्का असणं वेगळं. ब्लॉकचेन पहिल्याची हमी देते, दुसऱ्याची नाही. पुढच्या प्रत्येक उत्तरात मी हाच प्रश्न विचारणार आहे: तुमच्या नावावर जमा दिसतंय, पण ते देणं कुणाच्या अंगावर आहे?

मग ही वही लिहितं कोण? मायनिंग ते हेच का?

हो. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. ते जोडण्याचा मान मिळवायला जगभरातले संगणक एक अवघड कोडं सोडवत असतात, आणि त्यात प्रचंड वीज लागते. ज्याचं कोडं आधी सुटतं त्याला नवे बिटकॉइन बक्षीस मिळतात. सुरुवातीला दर पानाला ५० मिळत. साधारण दर चार वर्षांनी हे बक्षीस निम्मं होतं आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आलं आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, असा नियम प्रणालीतच आहे. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग करता येतात, त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. म्हणून पाचशे रुपयांचंही बिटकॉइन घेता येतं.

सगळीकडे कोडी सोडवत नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ही पद्धत सोडली. तिथे आपली नाणी तारण ठेवणाऱ्यांना पान लिहायचा अधिकार मिळतो आणि लबाडी केली तर तारण कापलं जातं. विजेचा खर्च त्यामुळे नगण्य झाला.

यूपीआयनेही डिजिटल पैसेच जातात. मग फरक कुठे पडला?

यूपीआय हा रस्ता आहे, पैसा नाही. तुम्ही भाजीवाल्या मावशींना चाळीस रुपये पाठवता तेव्हा तुमच्या बँकेच्या वहीतून चाळीस रुपये कमी होतात आणि त्यांच्या बँकेच्या वहीत वाढतात. तो पैसा म्हणजे बँकेचं तुम्हाला असलेलं देणं. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. नागरी सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना मात्र नाही. हे आपल्या भागात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बिटकॉइनचं देणं कुणाच्याही अंगावर नाही. रिझर्व्ह बँक नाही, कंपनी नाही, सातोशीही नाही. त्याला मोल येतं ते समोरचा माणूस घ्यायला तयार असतो म्हणून. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं तर तक्रार घ्यायला शाखा नाही, मॅनेजर नाही.

ई-रुपया म्हणजे सरकारचं क्रिप्टो म्हणायचं का?

नाही. हा घोटाळा मात्र फार होतो. ई-रुपया म्हणजे आपल्या प्रेसमध्ये छापली जाते त्याच नोटेचं डिजिटल रूप. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल करून 'नोट' या शब्दात डिजिटल नोट धरली गेली. घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ ला आणि सर्वसामान्यांसाठी १ डिसेंबर २०२२ ला त्याचा प्रायोगिक वापर सुरू झाला. तो बँकेच्या वॉलेटमध्ये राहतो, त्यावर व्याज मिळत नाही आणि शंभराचा ई-रुपया कायम शंभराचाच राहतो.

खिशातली शंभराची नोट काढून वाचा. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन आणि त्याखाली गव्हर्नरची सही. वडील सांगायचे, नोटेत कागद, शाई, तार यांपेक्षा मोलाचं आहे ते हे वाक्य. ई-रुपयामागे हेच वचन आहे. क्रिप्टोमागे असं वचन देणारं कुणी नाही.

नाशिकच्या मातीत याचा जुना पुरावाही सापडला आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. नाणी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. चांदी तीच, तरी नव्या राजाला आपला ठसा उमटवावासा वाटला, कारण चलन म्हटलं की त्यामागे कुणीतरी उभं असावं लागतं. नाण्यांचा इतिहास आवडत असेल तर त्र्यंबकरोडला अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत एकदा जरूर जाऊन या.

शेअर, डिजिटल सोनं, दुकानाचे पॉइंट हेही मोबाइलवरच दिसतात. ते क्रिप्टो का नाहीत?

कारण प्रत्येकामागे कुणीतरी आहे. डिमॅटमधला शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा. कंपनी कमावते, लाभांश देते, वर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नजर असते.

डिजिटल सोन्यामागे विकणाऱ्या कंपनीने तिजोरीत ठेवलेलं सोनं असायला हवं. 'असायला हवं' असं म्हणतो, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनेच लोकांना सावध केलं की ॲपवर मिळणारं असं डिजिटल सोनं आपल्या देखरेखीखाली येत नाही. सराफ बाजारातून आणलेली एक ग्रॅमची वेढणी आणि ॲपमधला एक ग्रॅम यांत हा फरक आहे.

पॉइंट, गिफ्ट कार्ड, विमानप्रवासाचे माइल्स यांचं देणं त्या त्या दुकानावर किंवा कंपनीवर असतं. प्राप्तिकर खात्यानेही २०२२ मध्ये अधिसूचना काढून यांना 'व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट'च्या (करकायद्यात क्रिप्टो ज्या नावाखाली येतं त्याच्या) व्याख्येतून बाहेर ठेवलं. बरेच जण ते घाबरून रिटर्नमध्ये लिहा म्हणतात. गरज नाही.

कॉइन, टोकन, स्टेबलकॉइन, एनएफटी... सगळं एकच का?

ज्याची स्वतःची वही आहे ते कॉइन, उदाहरणार्थ बिटकॉइन किंवा इथेरियमचं इथर. दुसऱ्याच्या वहीत खातं उघडून चालवलेलं ते टोकन. टोकन काढायला विशेष काही लागत नाही, येणाऱ्याला तासाभरात काढता येतं. म्हणून 'नवीन कॉइन आलंय' या वाक्याला काही वजन नसतं.

स्टेबलकॉइनचा भाव एखाद्या चलनाला, बहुधा अमेरिकी डॉलरला, बांधलेला असतो. इथे देणेकरी पुन्हा हजर होतो: काढणारी कंपनी. तिच्याकडे तेवढे डॉलर किंवा रोखे खरोखर आहेत का, यावर सगळं अवलंबून. काहींमागे राखीव निधी नसतोच, दुसऱ्या टोकनच्या आधारावर ते तोललेले असतात. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचं असंच स्टेबलकॉइन काही दिवसांत एका डॉलरवरून काही सेंटवर आलं. नावात 'स्टेबल' होतं.

एनएफटी म्हणजे एकमेवाद्वितीय टोकन. शंभराची एक नोट देऊन दुसरी घेतली तर काही बिघडत नाही, पण सात-बारा देऊन दुसऱ्याचा सात-बारा घेता येत नाही. एनएफटी त्या सात-बारासारखं, पण जमिनीशिवाय. चित्राचं एनएफटी घेतलं म्हणजे चित्राचा कॉपीराइट मिळतोच असं नाही. मार्च २०२१ मध्ये एका डिजिटल चित्राचं एनएफटी ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि पुढे हा बाजार थंडावला.

मागे कुणीच नाही, तर भाव येतो कुठून?

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल, तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टरभोवती व्यापारी जमतात, बोली लागते, शेवटची बोली तो भाव. क्रिप्टोचाही भाव असाच, बोलीने ठरतो, फक्त हा लिलाव रात्रंदिवस आणि रविवारीही चालू असतो.

उरलेलं निम्मं उत्तर असं की कांदा शेवटी कुणाच्या तरी भाजीत पडतो. त्यामुळे भाव कितीही कोसळला तरी त्याला कुठेतरी तळ असतो. बिटकॉइनला असा तळ नाही. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच बिटकॉइनचा भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता आणि वर्षभरात तो १६,००० च्या घरात आला. मुलीच्या लग्नाचे, शिक्षणाचे, आईच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे अशा झोक्यावर बसवू नका. हे मी कळकळीने सांगतो.

भारतात हे कायदेशीर आहे का?

खरेदी-विक्रीला बंदी नाही, पण ते चलनही नाही. दुकानदाराने बिटकॉइन नाकारलं तर तो चुकत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या कंपन्या, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. त्यांना सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते आणि ग्राहकांची केवायसी ठेवावी लागते. ही नोंदणी म्हणजे गुंतवणूक सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

कर किती लागतो? तोटा झाला तरी?

इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि बहुतेक प्रामाणिक लोकच. मागच्या हंगामात सातपूरच्या एका कारखान्यातला मुलगा वडिलांना घेऊन आला. मोबाइलवर एक्स्चेंजचा हिशेब उघडून म्हणाला, "सर, वर्षात दहा हजारांचा तोटाच आहे, मग भरायचं काय?" मी कागदावर दोन ओळी मांडल्या. एक कॉइन ८०,००० ला घेऊन १,३०,००० ला विकलं, नफा ५०,०००. दुसरं १,२०,००० ला घेऊन ६०,००० ला विकलं, तोटा ६०,०००. त्याने वजाबाकी केली होती. कायद्यात ती वजाबाकी नाही.

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खरेदीची किंमत सोडली तर इंटरनेट, फी असा कुठलाच खर्च वजा होत नाही. म्हणजे ५०,००० वर १५,००० कर आणि त्यावर ४ टक्के उपकराचे ६००, एकूण १५,६००. विक्रीच्या वेळी एक टक्का टीडीएस कापला जातो. दोन्ही विक्री मिळून १,९०,००० वर १,९०० आधीच कापले होते. राहिले १३,७००. वडील काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तर तीही विक्रीच धरतात. बँकेत एक रुपया आला नाही म्हणून कर नाही, असं नसतं. रिटर्नमध्ये यासाठी वेगळा तक्ता आहे. टीडीएसची नोंद खात्याकडे आधीच पोचलेली असते, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

क्रिप्टो एक्स्चेंजवर ठेवावं की स्वतःकडे?

एक्स्चेंजवर ठेवलं की किल्ली त्यांच्याकडे. तुम्हाला दिसतो तो त्यांच्या वहीतला आकडा, म्हणजे देणेकरी आला, आणि ठेवीचा विमा मात्र आला नाही. २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स बुडालं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे दुसरं मोठं एक्स्चेंज बुडालं.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं की किल्ली तुमची. ती बहुधा इंग्रजीतल्या बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपात मिळते. ते शब्द हरवले तर जगात कुणीही ते परत देऊ शकत नाही आणि दुसऱ्याला मिळाले तर माल त्याचा. त्यांचा फोटो काढून ठेवू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. कागदावर लिहा आणि सोन्याच्या पावत्या ठेवता तिथे ठेवा.

ओळखीचे एक काका महिन्याला दहा टक्के मिळतात म्हणून हॉटेलातल्या मीटिंगला बोलावत आहेत. जाऊ का?

नका जाऊ.

बिटकॉइन व्याज देत नाही. नुसती नोंद व्याज कुठून देणार? ठरलेला परतावा देतो म्हणणारा माणूस नव्या लोकांचे पैसे जुन्यांना देत असतो, दामदुपटीच्या कंपन्यांची हीच रीत होती. नाशिकने असे धक्के पचवले आहेत. निवृत्तीचे पैसे गेलेली माणसं माझ्या ऑफिसात बसून रडलेली मी पाहिली आहेत. फरक इतकाच की पूर्वी प्लॉट आणि साखळी योजना सांगायचे, आता ब्लॉकचेन सांगतात. मीटिंगमध्ये एकच विचारा: मला हे माझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये आज काढून घेता येईल का? उत्तरादाखल 'लॉक-इन', 'आपलं स्वतःचं कॉइन' किंवा 'आधी चार जण जोडा' ऐकू आलं की उठा.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. पहिल्या काही तासांत कळवलं तर बँकेतून पुढे सरकलेली रक्कम कधी कधी अडवता येते.

माणूस गेल्यावर त्याचं क्रिप्टो घरच्यांना मिळतं का?

एक्स्चेंजवर असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन मागता येतं, वेळ लागतो. स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल आणि ते बारा शब्द कुणाला माहीत नसतील, तर वारसा प्रमाणपत्र आणूनही काही होत नाही. नोंद सगळ्यांना दिसत राहते, पण हलवता कुणालाच येत नाही.

म्हणून ज्यांच्याकडे थोडंफार आहे त्यांना मी सांगतो, शब्द बंद पाकिटात घाला आणि पाकीट कुठे आहे ते बायकोला किंवा नवऱ्याला आजच सांगा. मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख करा, शब्द मात्र त्यात लिहू नका, कारण ते अनेकांच्या हातात जातं. त्या सातपूरच्या मुलाच्या वडिलांनी जाताना हाच प्रश्न विचारला होता. मुलाने तेव्हा पहिल्यांदा त्यांना सांगितलं की वॉलेटचा कागद कपाटात, त्याच्या दहावीच्या मार्कशीटच्या मागे ठेवला आहे.